मुलींच्या शाळेचा वर्षअखेरचा वृत्तान्त

कॅनडातील बहुतेक प्रांतांत शाळेचे वर्ष सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि जूनच्या अखेरीस संपते. मुलींच्या माध्यमिक शाळेत शेवटचे दोन-तीन आठवडे फार धावपळीचे असतात. परीक्षा, राहिलेले प्रकल्प आणि गुणपत्रके एका बाजूला. पारितोषिक वितरण आणि बारावीच्या मुलींचा डिप्लोमा समारंभ दुसऱ्या बाजूला. या सगळ्यातून वर्षअखेरचा वृत्तान्त तयार होतो. कोणत्या मुलीला काय मिळाले, कोणता संघ कुठवर पोचला, नाटक कोणते झाले, कोण कोणत्या विद्यापीठात निघाली, याची ती नोंद असते. काही शाळा ती छापून घरोघर पाठवतात, काही इयरबुकमध्ये घालतात, काही ठिकाणी मुख्याध्यापिका ती समारंभात वाचून दाखवतात. पन्नास वर्षांनी एखादी नात आपल्या आजीचे नाव शोधायला शाळेच्या दप्तरात येते तेव्हा तिच्या हाती हाच कागद लागतो. म्हणून तो कोण लिहिते आणि कसा लिहिते, याला महत्त्व आहे.

टोरांटो परिसरातील अशाच एका शाळेत विज्ञान शिकवता शिकवता हा वृत्तान्त तयार करण्याचे काम अनेक वर्षे सांभाळणाऱ्या एका मराठी शिक्षिकेच्या अनुभवावर पुढील विवेचन आधारलेले आहे. तिचा निष्कर्ष थोडक्यात असा की, वृत्तान्तात पदकांची यादी लिहिणे सोपे असते. ते पदक मिळवताना मुलीने नेमके काय केले हे लिहिणे अवघड असते आणि वाचणाऱ्याला खरे तेच हवे असते.

कॅनडात मुलींच्या शाळांची परंपरा देशापेक्षा जुनी आहे. क्वेबेकमध्ये उर्सुलाइन जोगिणींनी १६३९ मध्ये मुलींना शिकवायला सुरुवात केली. आयर्लंडहून आलेल्या लोरेटो भगिनींनी १८४७ मध्ये टोरांटोत शाळा काढली. ज्या वर्षी कॅनडाचे संघराज्य झाले त्याच १८६७ मध्ये टोरांटोचे बिशप स्ट्रॉन स्कूल सुरू झाले. त्यानंतर विनिपेगची सेंट मेरीज अकॅडमी १८६९ मध्ये, माँट्रियलचे ट्रॅफल्गर स्कूल १८८७ मध्ये, टोरांटोचे हॅव्हरगल कॉलेज १८९४ मध्ये, व्हँकूव्हरचे क्रॉफ्टन हाउस १८९८ मध्ये आणि टोरांटोचेच ब्रँकसम हॉल १९०३ मध्ये निघाले. या शाळांच्या जुन्या वार्षिकांना स्वतःची नावे होती: हॅव्हरगलचे ‘लुडेमुस’, ब्रँकसमचे ‘द ब्रँकसम स्लोगन’, ओटावाच्या एल्मवुड शाळेचे ‘समारा’. त्यांत बक्षिसांच्या याद्या, सामन्यांची वर्णने, मुलींचे निबंध आणि माजी विद्यार्थिनींच्या बातम्या शेजारी शेजारी छापलेल्या सापडतात.

सुरुवातीच्या काळात अशा वृत्तान्ताला पुराव्याचे मोल होते. मुलींना गणित झेपते का, लॅटिन झेपते का, असे प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारले जात आणि शाळा परीक्षेच्या निकालाने उत्तर देत. न्यू ब्रन्सविकच्या माउंट ॲलिसन संस्थेतून ग्रेस ॲनी लॉकहार्ट १८७५ मध्ये पदवीधर झाली. ब्रिटिश साम्राज्यात बॅचलर पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री मानली जाते. टोरांटो विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मुलींना १८८४ मध्ये प्रवेश मिळाला, तोही कॉलेजच्या प्रमुखांचा विरोध डावलून प्रांतिक सरकारने आदेश दिल्यावर. त्याच वर्षी इकडे पुण्यात न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर आदी मंडळींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तेच पुढे हुजूरपागा म्हणून ओळखले जाऊ लागले. टोरांटोत आणि पुण्यात एकाच वर्षी एकाच प्रश्नावर वाद चालू होता.

पुराव्याने सगळे दरवाजे उघडले असे मात्र नाही. क्वेबेकच्या सेंट अँड्रूज ईस्ट गावची मॉड ॲबट माँट्रियलच्या एका खासगी मुलींच्या शाळेतून मॅकगिल विद्यापीठात गेली. १८९० मध्ये ती सुवर्णपदक घेऊन बी. ए. झाली आणि वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण करण्याचा मानही तिला मिळाला. त्याच मॅकगिलने तिला वैद्यकशाखेत घेतले नाही. मग ती बिशप्स कॉलेजातून १८९४ मध्ये डॉक्टर झाली, हृदयाच्या जन्मजात दोषांवर तिने जगन्मान्य काम केले आणि १९३६ मध्ये त्या विषयाचा तिचा ॲटलास प्रसिद्ध झाला. मॅकगिलने वैद्यकशाखेचे दार मुलींसाठी १९१८ मध्ये उघडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी हिची गोष्ट हिच्याशी जुळते. ती १८८८ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली, गुणांत आघाडीवर राहिली, पण विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून तिला मिळाली नाही. पुढे ऑक्सफर्डला तिने १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि प्रत्यक्ष पदवी हाती यायला १९२२ साल उजाडले. शाळा-कॉलेजांच्या अहवालात अशा यशाची नोंद एका ओळीत संपत असे. नाकारलेल्या अर्जांना तिथे जागा नव्हती.

वृत्तान्तातली ओळ आणि खरी कामगिरी यांत किती अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण गॅब्रिएल रॉय हिचे आहे. कॅनडात माध्यमिक शाळेतल्या मुलांना मिळणारे सर्वांत जुने आणि मानाचे पदक म्हणजे गव्हर्नर जनरलचे पदक. लॉर्ड डफरिन यांनी ते १८७३ मध्ये सुरू केले. पुढे पंतप्रधान झालेले पियेर ट्रुडो आणि किम कॅम्पबेल, सार्वजनिक आरोग्यसेवेचे जनक टॉमी डग्लस यांच्यासोबत रॉयचे नाव या पदकाच्या मानकऱ्यांत घेतले जाते. ती १९०९ मध्ये मॅनिटोबातल्या सेंट बोनिफेस गावी जन्मली आणि तिथल्याच अकॅडमी सेंट जोसेफ या जोगिणींच्या मुलींच्या शाळेत शिकली. घरची भाषा फ्रेंच. पण ती शाळेत असताना, १९१६ मध्ये, मॅनिटोबा सरकारने कायदा बदलून शाळांतून इंग्रजीखेरीज इतर भाषांतले शिक्षण काढून टाकले. सरकारी परीक्षा इंग्रजीत आणि अभ्यासक्रमही इंग्रजी. जोगिणी तो पुरा करून घेत आणि वर फ्रेंचही शिकवत. तपासनीस आला की फ्रेंच पुस्तके नजरेआड होत. रॉयने आपल्या आत्मचरित्रात हे दिवस रंगवले आहेत. म्हणजे या मुली एका वर्षात दोन भाषांचा अभ्यास करीत होत्या. सरकारी कागदांत त्यातला एकच दिसतो. फ्रेंच समाजाच्या शिक्षणसंस्थेने पुढे फ्रेंचच्या वेगळ्या स्पर्धा भरवल्या, तेव्हा कुठे त्या दुसऱ्या अभ्यासाला बक्षीस मिळू लागले. रॉय शिक्षिका झाली, काही वर्षे तिने शाळेत शिकवले, मग लेखनाकडे वळली. माँट्रियलच्या गरीब वस्तीवरची तिची पहिली कादंबरी १९४५ मध्ये आली आणि १९४७ मध्ये तिला फ्रान्सचे फेमिना पारितोषिक मिळाले. अशा मुलीविषयी ‘सर्वाधिक सरासरी, गव्हर्नर जनरलचे पदक’ एवढेच लिहिले, तर लिहिणाऱ्याने काहीही खोटे लिहिलेले नसते, तरीही मुख्य गोष्ट सुटलेली असते.

आजच्या वृत्तान्तात काय काय येते हे समजण्यासाठी ऑन्टारिओ प्रांताची पद्धत पाहावी. तिथे नववी ते बारावी अशी चार वर्षांची माध्यमिक शाळा असते. डिप्लोमा मिळवायला ३० क्रेडिट लागतात, साक्षरतेची अट पुरी करावी लागते आणि ४० तास समाजसेवा करावी लागते. साक्षरतेची परीक्षा बहुतेक मुली दहावीत देतात. बारावीच्या कोणत्याही सहा विषयांत मिळून सरासरी ८० टक्के किंवा अधिक मिळवणारीला ‘ऑन्टारिओ स्कॉलर’ म्हणतात. एकेकाळी यासोबत रोख रक्कमही मिळे. आता प्रमाणपत्र मिळते. गव्हर्नर जनरलचे कांस्यपदक शाळेत एकीलाच, अकरावी आणि बारावीच्या सर्व विषयांची मिळून सर्वांत जास्त सरासरी असणारीला जाते. अवघड विषय टाळून सोपे विषय घेणारीचे गुण त्यात वर जाऊ शकतात, अशी चर्चा दरवर्षी शिक्षकांच्या खोलीत होते. ती निराधार नाही.

मराठी पालकांना गुणवंतांच्या या यादीत एक गोष्ट खटकते. त्यात क्रमांक नसतो. ‘कितवी आली?’ या प्रश्नाला शाळेकडे उत्तर नसते, कारण वर्गात पहिली, दुसरी, तिसरी अशी मांडणी इथे करीत नाहीत. ऐंशीच्या वरच्या सगळ्या मुलींची नावे आडनावाच्या आद्याक्षरांनुसार एका रांगेत येतात. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात वाढलेल्या, चौकातल्या अभिनंदनाच्या फलकांवर टक्के आणि फोटो पाहत लहानाचे मोठे झालेल्या आईबापांना हे फिके वाटते. पण कॅनडातही कधी काळी चित्र वेगळे होते. सरकारी परीक्षांचे निकाल वर्तमानपत्रांत नावांनिशी छापून येत. ऑन्टारिओत बारावीनंतरच्या तेराव्या वर्षाच्या प्रांतिक परीक्षा १९६० च्या दशकात बंद झाल्या, माध्यमिक शाळेचे ते पाचवे वर्षही २००३ मध्ये संपले आणि गुण ही मुलीची खासगी बाब ठरली. आज शाळेने एखादीचे टक्के तिच्या परवानगीवाचून छापले, तर ती कायद्याचा भंग करील. ही मर्यादा चांगली आहे. क्रमांक काढून टाकला की वृत्तान्त लिहिणाऱ्याला मुलीविषयी दुसरे काहीतरी शोधून लिहावेच लागते.

शाळेची आर्थिक स्थिती वृत्तान्ताच्या रूपात उतरते, हेही नोंदवले पाहिजे. ब्रँकसम किंवा हॅव्हरगलसारख्या स्वतंत्र शाळांची फी वर्षाला हजारो डॉलरच्या घरात असते. तिथे प्रसिद्धीचा वेगळा विभाग असतो, छायाचित्रकार असतो. टोरांटोच्या कॅथलिक शाळामंडळाच्या लोरेटो ॲबी, सेंट जोसेफ्स कॉलेज स्कूल, नोत्र दाम यांसारख्या मुलींच्या शाळा सरकारी पैशावर चालतात आणि त्यांना फी नसते. कॅलगरीतही २००३ पासून मुलींची एक सार्वजनिक सनदी शाळा आहे. अशा सार्वजनिक शाळांत वृत्तान्ताचे काम बहुधा एखादी शिक्षिका, ग्रंथपाल किंवा कार्यालयातली सचिव आपल्या कामात भर म्हणून करते.

माहिती गोळा करणे हा या कामाचा सर्वांत लांबणारा भाग. मे महिन्यात सगळ्या विभागांना पत्र जाते. गणिताचे शिक्षक लगेच उत्तर देतात, कारण वॉटरलू विद्यापीठाच्या स्पर्धांचे निकाल त्यांच्याकडे तयार असतात: नववीसाठी पास्कल, दहावीसाठी केली, अकरावीसाठी फर्मा, बारावीसाठी युक्लिड. विज्ञान विभागाकडून जत्रेची बातमी येते. जिल्ह्यातून निवडल्या गेलेल्या मुली मे महिन्यात राष्ट्रीय विज्ञान जत्रेत जातात. ही जत्रा १९६२ पासून भरते. संगीत आणि नाटकाच्या शिक्षिका उत्तर उशिरा देतात, पण लांबलचक देतात. खेळांचे प्रशिक्षक मात्र फक्त गुणफलक पाठवतात. ‘ओफसाला पात्र, उपांत्यपूर्व फेरीत पराभव’ एवढीच चिठ्ठी येते. ओफसा ही ऑन्टारिओच्या शाळांची प्रांतिक क्रीडासंघटना. तिच्या स्पर्धेला पोचणे हीच मोठी मजल असते. पण त्या चिठ्ठीमागे काय होते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्यावर कळते की गोलरक्षक मुलगी आदल्या वर्षी राखीव खेळाडू होती, किंवा संघाला स्वतःचे मैदान नाही आणि सराव शेजारच्या बागेत बर्फ वितळेपर्यंत थांबून करावा लागला.

मुलींच्या खेळाला कॅनडात मोठा इतिहास आहे आणि त्यातला एक मोठा अध्याय एका शाळेतूनच निघालेला आहे. एडमंटनच्या मॅकडूगल कमर्शियल हायस्कूलचे शिक्षक पर्सी पेज यांनी मुलींचा बास्केटबॉल संघ बांधला. शाळा सुटली तरी मुलींना खेळ सोडायचा नव्हता, म्हणून १९१५ मध्ये माजी विद्यार्थिनींचा ‘एडमंटन ग्रॅड्स’ हा संघ झाला. १९४० मध्ये तो विसर्जित होईपर्यंत त्याने सुमारे पाचशे सामने जिंकले आणि हरलेले सामने अगदी मोजके होते. यातल्या मुली टंकलेखन आणि हिशेब शिकून दिवसा कचेऱ्यांत नोकरी करीत आणि संध्याकाळी सराव करीत. त्यांच्या बाबतीत ‘जिंकल्या’ या शब्दाइतकीच ‘नोकरी सांभाळून’ ही माहितीही मोलाची आहे, आणि कोणत्याही शालेय संघाविषयी लिहिताना हे लक्षात ठेवावे.

शिष्यवृत्त्यांचा आकडा हा वृत्तान्तातला सर्वांत फसवा भाग. ‘आमच्या बारावीच्या मुलींना मिळून इतक्या लाख डॉलरच्या शिष्यवृत्त्या’ असे वाक्य अनेक शाळा मोठ्या अक्षरांत छापतात. ते कसे बनते ते पाहावे. एक मुलगी चार-पाच विद्यापीठांत अर्ज करते. बरीच विद्यापीठे ठरावीक सरासरीच्या वर आपोआप प्रवेश-शिष्यवृत्ती देऊ करतात, आणि ती चार वर्षांची मिळून सांगतात. मुलगी जाते एकाच ठिकाणी. बाकीच्यांचे पैसे कधीच कोणाच्या खात्यात येत नाहीत. तरी बेरजेत ते सगळे धरले जातात. ही बेरीज वृत्तान्तातून काढून टाकावी असे या शिक्षिकेचे ठाम मत होते. तिच्या शाळेत त्यावर वाद झाला आणि शेवटी स्वीकारलेल्या शिष्यवृत्त्याच नावानिशी द्यायचे ठरले. आकडा लहान झाला, पण तो खरा होता. ‘शंभर टक्के मुली विद्यापीठात’ या वाक्यालाही तीच अडचण आहे. कम्युनिटी कॉलेजात दंतसहायकाचा अभ्यासक्रम घेणारी, विद्युतकामाची उमेदवारी करणारी, घरची गरज म्हणून एक वर्ष नोकरी करणारी मुलगी त्या शंभरात बसत नाही. तिला शाळेने मोजलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार हे याउलट चांगले उदाहरण. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम कॅनडात १९६३ पासून आहे आणि त्याच्या कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पातळ्या असतात. यात कोणाला हरवायचे नसते. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहसप्रवास या गोष्टी मुलीने ठरलेला काळ सातत्याने करायच्या असतात. सुवर्णपातळीच्या प्रवासाला चार दिवस आणि तीन रात्री लागतात. ऑन्टारिओत तो बहुधा कॅनूतून होतो. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना ती होडी उलटी करून डोक्या-खांद्यावर घेऊन दगडांच्या पायवाटेने चालावे लागते. पाठीवर सामान, कानाशी डासांचे थवे, आणि पुढे चालणारीला रस्त्याखेरीज काही दिसत नाही, कारण होडीच्या कडेने डोळ्यांवर पडदा आलेला असतो. रात्री ओल्या लाकडांवर स्वयंपाक करायचा असतो. वृत्तान्तात ‘सुवर्ण पुरस्कार’ एवढे दोन शब्द येतात. ही वाट एका वाक्यात तरी त्यात आली पाहिजे. ते वाक्य मुलीकडून मिळवायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे देणे हे वृत्तान्त लिहिणाऱ्याचे मुख्य काम आहे.

नावांचे काम किचकट आणि तितकेच जबाबदारीचे असते. टोरांटोच्या वर्गात तमिळ, सोमाली, पोर्तुगीज, व्हिएतनामी, फिलिपिनो, पंजाबी, युक्रेनियन नावे एका रांगेत असतात. समारंभात नावे पुकारणाऱ्या व्यक्तीसाठी प्रत्येक मुलीची एक पुठ्ठ्याची चिठ्ठी तयार करतात. त्यावर नाव, आणि खाली ते कसे उच्चारायचे ते तिने स्वतः लिहिलेले. ज्ञानदा नावाच्या मराठी मुलीला ते रोमन अक्षरांत कसे फोडून लिहावे हे ठरवायला दोन-तीन प्रयत्न लागतात, आणि मग ती मोकळ्या हाताने लिहून देते. काही मुली म्हणतात, शाळेत चालते तेच छोटे नाव पुकारा. काही म्हणतात, आजी भारतातून आली आहे, पूर्ण नाव घ्या. दोन्ही ऐकले पाहिजे. मुखपृष्ठावरची छपाईची चूक लोक माफ करतात. मंचावर चुकलेले नाव घरचे लोक वर्षानुवर्षे बोलून दाखवतात आणि त्यांचे बरोबर असते.

परवानगीचा प्रश्नही तितकाच नाजूक. फोटो आणि नाव छापण्यास संमती आहे की नाही, याचा अर्ज पालकांकडून सप्टेंबरमध्येच भरून घेतात. कोणाच्या घरी ताब्याचा खटला चालू असतो, कोणी आई मुलीला घेऊन एका माणसापासून लांब आलेली असते, कोणाची श्रद्धा फोटोला आड येते. कारण विचारायचे नसते. रोबो बनवणाऱ्या चमूचा सुंदर फोटो असतो आणि त्यातल्या एकीचा अर्ज ‘नाही’ असतो. तिचा चेहरा पुसून टाकला, तर पाहणाऱ्याचे लक्ष नेमके तिच्याकडेच जाते. त्यापेक्षा टेबलावर वाकलेल्या हातांचा, तारा जोडतानाचा फोटो घ्यावा. त्यात सगळ्या येतात, आणि रोबो कसा बनला तेही दिसते.

वृत्तान्ताबाहेर राहणाऱ्या मुलींचा विचार केल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. पदक नाही, संघ नाही, नाटक नाही, अशा मुली प्रत्येक शाळेत बहुसंख्य असतात. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना आणायला जाणारी, शनिवार-रविवार कॉफीच्या दुकानात काम करणारी मुलगी कोणत्याच विभागाच्या पत्रात येत नाही. ४० तासांच्या समाजसेवेच्या नोंदवह्या चाळल्या, तर त्यांपैकी कितीतरी जणी सापडतात. कोणी वृद्धाश्रमात दर बुधवारी जाऊन एका बाईला पोर्तुगीज वर्तमानपत्र वाचून दाखवलेले असते, कोणी अन्नपेढीत डबे लावलेले असतात. आवश्यक तास कधीच पुरे झालेले असतात आणि मुलगी जातच राहिलेली असते. अशी नोंद या शिक्षिकेने वृत्तान्तात आणली तेव्हा तिला प्रथम विरोध झाला, की हे तर सगळेच करतात. मग नोंदवह्याच समोर ठेवल्या गेल्या.

त्यातही सावधपणा लागतो. युद्धग्रस्त देश सोडून आलेली, नववीच्या मध्यावर शाळेत दाखल झालेली एक मुलगी दहावीत साक्षरतेची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. तिच्या प्रवासावर लिहावे अशी सगळ्यांची इच्छा होती. तिला विचारले तेव्हा तिने स्पष्ट नाही म्हटले. तिचे म्हणणे होते की आपण वादविवाद संघात दुसरी वक्ता होतो आणि प्रादेशिक फेरीत घरभाड्यावरच्या नियंत्रणाच्या बाजूने बोललो, ते लिहावे. तेच लिहिले गेले. मुलीने स्वतःविषयी काय सांगायचे हे ठरवले की वृत्तान्ताने तेवढेच सांगावे, मग दुसरी गोष्ट कितीही हृद्य असो.

मूळ रहिवासी समाजाच्या मुलींबाबत तर हे अधिकच खरे आहे. त्यांच्या समाजातल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सक्तीच्या निवासी शाळांत नेले गेले आणि त्यांतल्या अनेक शाळा धर्मसंस्थांनी चालवल्या. आज बऱ्याच समारंभांची सुरुवात शाळा कोणाच्या भूमीवर उभी आहे हे सांगून होते आणि डिप्लोमा घेताना गरुडाचे पीस धारण करण्याची मोकळीक मुलींना मिळते. ते पीस ज्येष्ठांनी दिलेले असते. वृत्तान्तात त्याचा उल्लेख कसा करायचा हे मुलीला आणि तिच्या घरच्यांना विचारूनच ठरवायचे असते.

२०२० च्या जूनमध्ये यातले जवळजवळ काहीच घडले नाही. करोनामुळे मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, स्पर्धा रद्द झाल्या, नाटके तालमीतच थांबली. डिप्लोमे गाडीच्या खिडकीतून दिले गेले, मुलींच्या घरांपुढच्या हिरवळीवर अभिनंदनाच्या पाट्या रोवल्या गेल्या. त्या वर्षी वृत्तान्त हाच समारंभ होता. बक्षिसे नव्हती, तेव्हा लिहिण्यासारखे काय उरले? तर मुली काय करीत होत्या ते उरले: किराणा दुकानात पाळ्या करणाऱ्या, शेजारच्या म्हाताऱ्यांची औषधे आणणाऱ्या, शिवणाच्या वर्गात शिकलेल्या टाक्यांनी मुखपट्ट्या शिवणाऱ्या मुली. या शिक्षिकेच्या मते तिने तयार केलेल्या वृत्तान्तांतला तो सर्वांत चांगला होता, आणि नंतरच्या वर्षांत बक्षिसे परत आली तरी त्याची लिहिण्याची रीत टिकवण्याचा तिने प्रयत्न केला.

छापून झाले की दुरुस्त्यांचे दिवस येतात. एखादे नाव राहिलेले असते, एखाद्या संघातली राखीव खेळाडू सुटलेली असते. गव्हर्नर जनरलच्या पदकासाठी अंतिम गुण लागतात. ते जूनच्या अगदी शेवटी नक्की होतात, त्यामुळे काही शाळांत पदक शरद ऋतूत दिले जाते. पूर्वी ऑन्टारिओत अनेक शाळांचा सगळा डिप्लोमा समारंभच शरदात होत असे, आणि पहिल्या सत्राला निघून गेलेल्या मुली त्यासाठी विद्यापीठातून घरी येत. दुरुस्त्या लिहून मूळ प्रतीसोबत दप्तरात ठेवायच्या असतात, नुसत्या तोंडी मान्य करून चालत नाही. दोन प्रती ग्रंथालयात, एक शाळेच्या अभिलेखागारात, एक माजी विद्यार्थिनींच्या संघाकडे जाते. सप्टेंबरमध्ये नव्या संमतिपत्रांचे गठ्ठे वर्गांत वाटले जातात आणि सगळ्या विभागांना सूचना जाते की या वर्षी गुणफलकाबरोबर मुलींशी बोलून लिहिलेल्या दोन ओळीही पाठवाव्यात.